कॅपच्या आधीच जागा ‘बुक’ करायला सांगणारा फोन येतो, तेव्हा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पिंपळगाव बसवंतजवळ राहता, द्राक्षबाग हाच घरचा मुख्य व्यवसाय आहे. मुलीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात 86 च्या आसपास पर्सेंटाइल आहे, प्रवर्ग इतर मागासवर्ग आहे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून तुम्हाला वारंवार फोन येत आहेत. संगणक शाखेच्या जागा संपत आल्या आहेत, 15,000 रुपये भरून जागा बुक करा, मूळ दाखले आणून द्या, कॅपचा (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा) फॉर्म आम्हीच भरून देऊ आणि शिक्षण शुल्कात निम्मी सवलतही देऊ, असे तुम्हाला सांगितले जात आहे. ही फसवणूक आहे का, की हातची जागा सोडू नये म्हणून पैसे भरून टाकावेत, असे तुम्ही विचारले आहे.

मी नाशिकमधील एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात बरीच वर्षे काम केले आणि आता पालकांना पर्याय-अर्ज, म्हणजे कॅपमधील महाविद्यालये व शाखांची पसंतीक्रमाने यादी, भरण्याबाबत सल्ला देतो. त्यामुळे असा फोन करणाऱ्याची अडचण मला ठाऊक आहे आणि फोन घेणाऱ्याचा गोंधळही. माझ्या मते हे महाविद्यालय चांगले की वाईट, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाही. ते कदाचित चांगलेही असेल. प्रश्न असा आहे की पैसे, दाखले, कॅप अर्जाचे लॉगिन आणि सवलत या चारही गोष्टी तुमच्याकडून कॅपचा निकाल लागण्यापूर्वी ठरवून घेतल्या जात आहेत. निकालानंतर जो निर्णय तुम्ही हातात माहिती घेऊन करणार होता, तो माहिती नसताना करायला तुम्हाला भाग पाडले जात आहे. द्राक्षाच्या व्यवहारात व्यापारी बागेवर येऊन इसार देतो. इथे माल तुमचा आणि इसारही तुम्हीच द्यायचा, असा उलटा प्रकार चालला आहे.

हे फोन का येतात, ते समजले तर दडपण निम्मे कमी होईल. विनाअनुदानित महाविद्यालय शुल्कावर चालते. प्रथम वर्षाची एक जागा रिकामी राहिली, तर तिचे नुकसान एका वर्षाचे नसते, पुढची चारही वर्षे ते सोसावे लागते. थेट द्वितीय वर्षाला पदविकाधारक विद्यार्थी आले, तरच त्यातील काही भरून निघते. म्हणून मे-जूनमध्ये अनेक ठिकाणी प्राध्यापकांनाच याद्या वाटल्या जातात आणि अमुक प्रवेश आणलेच पाहिजेत, असे सांगितले जाते. तुमचा क्रमांक त्यांच्याकडे कसा पोहोचला, याचेही नवल वाटू देऊ नका. कनिष्ठ महाविद्यालयात झालेले करिअर मार्गदर्शन शिबिर, मोफत सराव परीक्षेचा अर्ज, शैक्षणिक मेळाव्यातील स्टॉलवर भरलेला कागद, यांतूनच या याद्या तयार होतात. त्यामुळे फोनवरचा माणूस भामटा आहे, असे मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा तो पगार टिकवण्याच्या विवंचनेत असलेला शिक्षक असतो. पण त्याची निकड ही तुमची निकड नव्हे.

सर्वांत आधी एक गोष्ट विचारून घ्या. ही संस्था सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे की खासगी विद्यापीठ? नाशिक परिसरात दोन्ही प्रकारच्या संस्था आहेत आणि जाहिरातीत हा फरक सहसा ठळकपणे दिसत नाही. स्वायत्त महाविद्यालय हे संलग्नच असते आणि त्याचे प्रवेश कॅपमधूनच होतात. खासगी विद्यापीठ मात्र स्वतःची प्रवेशप्रक्रिया राबवते आणि शुल्कमाफीच्या ज्या योजनेविषयी मी पुढे लिहिणार आहे, ती तिथे लागू नाही. संस्था खासगी विद्यापीठ असेल, तर हिशेब पूर्णपणे वेगळा होतो. पुढचे सर्व लिखाण संलग्न महाविद्यालय गृहीत धरून आहे.

आता जागांची रचना पाहू. महाराष्ट्रातील खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि शुल्क 2015 च्या कायद्याखाली चालतात. या कायद्याने प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण अशा दोन यंत्रणा निर्माण केल्या आणि प्रवेश परीक्षा व कॅप राबवण्याचे काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो त्याच्याकडे आहे. अशा महाविद्यालयांतील बहुतांश जागा कॅपमधून भरल्या जातात आणि 20 टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरता येतात. लोक त्यांनाच मॅनेजमेंट कोटा म्हणतात. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत 51 टक्के जागा त्या समाजासाठी असतात. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागाही संस्थास्तरावर जातात. या संस्थास्तरीय जागांनासुद्धा नियम आहेत: वेळापत्रकानुसार जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, गुणवत्ता यादी लावायची आणि केलेले प्रवेश प्रवेश नियामक प्राधिकरणाकडून मान्य करून घ्यायचे. म्हणजे आज तुम्ही दिलेल्या 15,000 रुपयांनी मुलीचा प्रवेश कोणत्याही अर्थाने होत नाही. ती फार तर महाविद्यालयाच्या वहीतील एक नोंद असते. आणि ठरलेल्या शुल्काखेरीज ‘देणगी’ म्हणून काही मागितले, तर त्याला 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो फोनवर तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. राज्य शासनाच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख किंवा त्याहून कमी आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के लाभ मिळतो. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला असला पाहिजे; व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. आता त्या ‘निम्म्या सवलती’कडे पुन्हा पाहा. जे शिक्षण शुल्क कॅपमधून प्रवेश घेतल्यास मुलीला पूर्ण माफ होऊ शकते, त्यातले अर्धे सोडायला हे महाविद्यालय तयार आहे, आणि त्या बदल्यात तिला संस्थास्तरीय जागेवर बसवले, तर ती शासनाच्या लाभातून बाहेर पडते. फोन करणाऱ्याला हे कदाचित माहीतही नसेल. पण चार वर्षांच्या शुल्काचा हिशेब मांडला, तर हा फरक 15,000 रुपयांच्या कितीतरी पट निघतो.

शासनाचा लाभ शिक्षण व परीक्षा शुल्कापुरता आहे, हेही सांगितले पाहिजे. विकास शुल्क, वसतिगृह, बस, प्रयोगशाळेचे साहित्य यांचा खर्च उरतोच. कोणत्या महाविद्यालयाचे शुल्क किती मंजूर आहे, ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते; माहितीपत्रकातला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. उत्पन्नाचा दाखला निफाड तहसीलमधून वेळेत काढून घ्या. इथे शेतकरी कुटुंबांचा एक घोळ नेहमी होतो. नॉन-क्रीमी लेयर (इतर मागास प्रवर्गाच्या आरक्षणासाठी लागणारे, उन्नत गटात नसल्याचे प्रमाणपत्र) ठरवताना शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, पण शुल्काच्या योजनांसाठीच्या दाखल्यात सर्व मार्गांचे उत्पन्न पाहिले जाते. त्यामुळे नॉन-क्रीमी लेयर मिळाले, म्हणजे उत्पन्नाची अटही आपोआप पूर्ण झाली, असे समजू नका. नॉन-क्रीमी लेयर चालू शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध असावे लागते आणि जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तर मुलीची गणना खुल्या प्रवर्गात होते. फोनला उत्तर देण्यापेक्षा या आठवड्यात या कागदांमागे लागणे अधिक फायद्याचे आहे.

आता ‘फॉर्म आम्हीच भरून देऊ’ याविषयी. चार मागण्यांपैकी सर्वांत निरुपद्रवी वाटणारी ही मागणी मला सर्वांत धोक्याची वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कॅपमध्ये जागावाटप कसे होते, ते आधी समजून घ्या. गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याची पाळी येते. मुलीची पाळी आली की संगणक तिचा पहिला पर्याय तपासतो; तिथे तिच्या प्रवर्गाची किंवा ती पात्र असलेली जागा शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसरा पर्याय, मग तिसरा, असे खाली जातो. वर अवघड महाविद्यालय टाकले म्हणून खालच्या सोप्या महाविद्यालयाची जागा हातची जात नाही. त्यामुळे ‘मिळण्याजोगे आधी टाका’ हा सल्ला चुकीचा आहे. पर्याय आवडीच्या क्रमाने टाकायचे असतात, शक्यतेच्या क्रमाने नव्हे. शक्यतेचा विचार करायचा तो यादी खाली किती लांबवायची, हे ठरवताना.

इथपर्यंत गोष्ट जुनी आहे. 2025-26 च्या प्रवेशांपासून अभियांत्रिकीच्या कॅप फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि सोबत आपोआप जागा गोठवण्याचा नियम कडक झाला. त्या वर्षीच्या नियमांनुसार, पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादा मिळाला, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे तेच आहेत ना, ते अर्ज भरण्यापूर्वी स्वतः वाचून घ्या. पण तत्त्व लक्षात घेतले, तर पर्याय-अर्ज दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे काय, हे कळेल. तो माणूस त्याच्या महाविद्यालयाची संगणक शाखा पहिल्या क्रमांकावर टाकणार. मुलीच्या गुणांना ती पहिल्याच फेरीत सहज मिळणार, कारण कमी मागणीच्या महाविद्यालयाचा कटऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश मिळालेले पर्सेंटाइल, खाली असतो. जागा गोठली की संपले. तिला पंचवटीतील किंवा गंगापूर रोडवरील एखाद्या महाविद्यालयात दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्याच किंवा जवळच्या शाखेत जागा मिळाली असती का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दरवर्षी असे पालक माझ्याकडे येतात, आणि तोवर त्यांच्यासाठी करण्यासारखे जवळजवळ काही उरलेले नसते.

म्हणून लॉगिन, पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नका, मलासुद्धा नाही. नोंदणी करताना मोबाइल क्रमांक तुमचा किंवा मुलीचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा किंवा महाविद्यालयाच्या प्रतिनिधीचा नको. अडचण आली तर अधिकृत सुविधा केंद्रात जा. तिथे कागदपत्रांची पडताळणी होते आणि शंकाही विचारता येतात. सुविधा केंद्र एखाद्या महाविद्यालयातच असते, त्यामुळे तिथेही कोणी आपुलकीने माहितीपत्रक पुढे करेल. ते घ्या, पण पर्याय घरी बसूनच भरा.

पहिले तीन आणि पहिले सहा पर्याय ठरवताना मी पालकांना एकच कसोटी लावायला सांगतो: ही जागा मिळाली आणि पुढच्या फेरीचा दरवाजा बंद झाला, तर मुलगी खुशीने जाईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो पर्याय पहिल्या सहांत नको, सातव्या किंवा पंधराव्या जागी टाका. तुम्हाला फोन करणारे महाविद्यालय यादीत नसावेच, असे मी म्हणत नाही. ते यादीत असू द्या, फक्त तुमच्या क्रमाने. आणि कॅपमधून तेच मिळाले, तर तीच शाखा शुल्कमाफीच्या पात्रतेसह मिळेल.

क्रम लावण्यासाठी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरील मागील वर्षाचे फेरीनिहाय कटऑफ उतरवून घ्या. ते तक्ते पहिल्यांदा पाहताना डोके गरगरते, पण दोन गोष्टी समजल्या की वाचता येतात. प्रवर्गाच्या संकेताची सुरुवात ‘एल’ ने होत असेल, तर तो रकाना मुलींच्या आरक्षित जागांचा. ‘जी’ ने होत असेल तर सर्वसाधारण. संकेताच्या शेवटी ‘एच’ म्हणजे गृहविद्यापीठाच्या जागा, ‘ओ’ म्हणजे अन्य विद्यापीठाच्या, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. मुलीची बारावी नाशिक जिल्ह्यात झाली असेल, तर पुणे विद्यापीठ हे तिचे गृहविद्यापीठ. त्यामुळे नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी ‘एल’ ने सुरू होऊन ‘एच’ ने संपणारे खुल्या व इतर मागास प्रवर्गाचे रकाने तिच्या सर्वाधिक कामाचे. ट्यूशन फी वेव्हर योजनेच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, जागांचा पर्यायही निवडून ठेवावा. त्या मंजूर क्षमतेच्या 5 टक्के अधिकच्या असतात आणि त्यांचा कटऑफ बराच वर जातो, म्हणून त्यावर भिस्त मात्र ठेवू नका.

‘जागा संपत आल्या’ या वाक्याची दखल एका परिच्छेदात घेतो. कॅपच्या जागा कॅपआधी संपूच शकत नाहीत. शिवाय 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पात्र संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढली आणि त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी संगणक व त्याच्याशी संबंधित शाखांच्या तुकड्या वाढवल्या. त्यामुळे मागच्या वर्षीचा कटऑफ हा अंदाज आहे, भाकीत नव्हे. तुकड्या वाढल्या, तर तेवढे अनुभवी शिक्षक आले का, हे मात्र विचारण्यासारखे आहे. प्रत्यक्ष भेट द्या, द्वितीय-तृतीय वर्षाच्या मुलींशी बोला, आणि एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) चे मानांकन संस्थेला नसते, शाखेला असते, हे लक्षात ठेवून नेमक्या संगणक शाखेचे मानांकन आहे का, ते पाहा. ‘हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट’ अशा फलकांवर वेळ घालवू नका.

तुमच्या बाबतीत अंतरही पाहा. मुलगी रोज ये-जा करणार असेल, तर आडगाव आणि पंचवटीकडची, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाच्या तुमच्या बाजूची महाविद्यालये सोयीची पडतात. त्र्यंबक रोडच्या बाजूला जायचे तर शहर ओलांडून दुसरी बस धरावी लागते आणि मग वसतिगृहाचा खर्च गृहीत धरावा लागतो. ते प्रतिनिधीच्या तोंडून येत नाही, पण चार वर्षांत त्याचा ताण मुलीवर येतो.

मूळ दाखल्यांबाबत थोडक्यात: कॅपमधून जागा निश्चित होऊन प्रवेश घेईपर्यंत ते कोणाच्याही ताब्यात देऊ नका. पडताळणीसाठी दाखवायचे आणि परत घ्यायचे. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद या दोघांचीही मनाई आहे, पण ऐन मुदतीच्या दिवशी कपाटाची किल्ली असलेला कारकून रजेवर आहे, असे सांगितले गेले तर नियमाचा उपयोग होत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते सांगतो, कारण संस्थास्तरीय प्रवेश नेहमीच चुकीचा असतो, असे माझे मत नाही. मुलीचे पर्सेंटाइल खूपच कमी असते, कुटुंब शुल्कमाफीच्या उत्पन्नमर्यादेबाहेर असते आणि एका विशिष्ट महाविद्यालयातील विशिष्ट शाखाच हवी असती, तर मी तुम्हाला त्या 20 टक्के जागांची जाहिरात येताच रीतसर अर्ज करायला सांगितले असते. आणि तोही कॅपमध्ये सहभागी राहूनच. कॅपच्या सर्व फेऱ्यांनंतर काहीच मनासारखे मिळाले नाही, तर रिक्त जागांसाठीही अर्ज करता येतो. पण 86 पर्सेंटाइल, मुलगी, इतर मागास प्रवर्ग आणि आठ लाखांच्या आतले उत्पन्न या चार गोष्टी एकत्र असताना कॅप सोडून आधीच संस्थास्तरीय जागा घेण्याचे मला एकही कारण दिसत नाही. ‘कॅपची नोंदणी नाही केली तरी चालेल’ असे कोणी म्हणाले, तर तो सल्ला तिथेच सोडून द्या.

पुढच्या फोनला काय सांगायचे, तेही विचारले आहे. भांडू नका. ‘आम्ही कॅपमध्ये भाग घेत आहोत, तुमचे महाविद्यालय पर्यायांत असेल, सवलत देणार असाल तर ती चारही वर्षांसाठी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर लिहून पाठवा’ एवढेच सांगा. माझ्या अनुभवात या शेवटच्या वाक्यानंतर फोन बरेच कमी होतात.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की तुमच्या चुलतभावाने मुलासाठी अशीच रक्कम आधीच भरली आहे. त्यांना सांगा की पावती शोधून ठेवा आणि ती महाविद्यालयाच्या नावाची, शिक्क्याची आहे की कोणा व्यक्तीच्या खात्यात ऑनलाइन पाठवलेली रक्कम आहे, हे आधी पाहा. मग प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करून पैसे व दाखले परत मागावेत आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. प्रवेश झाल्यानंतर ठरलेल्या अंतिम तारखेपूर्वी तो रद्द केला, तरीही प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून उरलेले शुल्क परत करणे तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार संस्थेवर बंधनकारक आहे. इथे तर प्रवेशच झालेला नाही. टाळाटाळ झाली, तर त्याच अर्जाची प्रत जोडून प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे आणि सीईटी सेलकडे तक्रार करता येते. हे सर्व पहिल्या फेरीचे पर्याय भरण्याची मुदत संपण्यापूर्वी करावे, आणि मुलाच्या लॉगिनचा पासवर्ड त्यांनी आजच बदलावा.